बोनेट नंतर, आधी दार

समोरून गाडी पार गेलेली. बोनेटचा तंबू झालेला, रेडिएटर पंख्यात घुसलेला, खाली कूलंटचं हिरवं थारोळं. माळशिरसच्या गॅरेजातला मिस्त्री मात्र तिकडे बघतही नाही. तो चालकाच्या बाजूचं दार उघडतो, हलकेच लावतो. लागलं. मग दार आणि खांब यांच्यामधल्या फटीवरून बोट फिरवतो. फट वरपासून खालपर्यंत सारखी.

"खांब हललेला न्हाय. गाडी हुईल, दादा."

दार आधी बघण्याला इथे कारण आहे. गळीत हंगामात शंकरनगर, माळीनगरच्या कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. मागे रिफ्लेक्टर नसला की ट्रॉली दिसेपर्यंत ब्रेकला जागा उरत नाही. ट्रॉलीचा पाटा बंपरपेक्षा उंच. गाडीचं नाक त्याखाली शिरतं आणि मार बसतो बोनेटला, काचेला, खांबांना. बंपर कधीकधी धड राहतो आणि बघणाऱ्याला फसवतो.

बोनेट उतरवल्यावर टेप निघते. चासीच्या पुढच्या दोन लेगांवरच्या ठरलेल्या भोकांमधली तिरकी मापं घ्यायची. दोन्ही जुळली तर उत्तम. थोडा फरक असला तर साखळी लावून ओढता येतं. पत्रा घडी पडून चुरगळला असेल तर मात्र कापून नवा जोडायचा, आणि तिथे खर्च उडी मारतो. एअरबॅग उघडल्या असतील तर बॅगा, सेन्सर, बेल्ट, डॅशबोर्ड असं सगळंच मागोमाग येतं.

एवढं होऊनही निकाल मिस्त्रीच्या हातात नसतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो, चासी नंबरचा फोटो काढतो आणि एकेका भागापुढे 'बदला' किंवा 'दुरुस्त' लिहीत जातो. गाडी सात वर्षांची. म्हणजे नव्या पत्र्याच्या किमतीतले ४० टक्के मालकाच्या खिशातून, प्लास्टिकचे ५० टक्के. काचेला मात्र घसारा नाही. मालकाला बोनेट नवंच हवं असतं. घसारा ऐकल्यावर ठोकून सरळ केलेलंही चालतं.

खरी मेख पॉलिसीच्या पहिल्या पानावर असते. २००२च्या मोटार टॅरिफपासून चालत आलेला नियम असा, की गाडी उचलून आणण्यासह दुरुस्तीचा धरलेला खर्च विमा किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस. समजा, खर्च धरला १,९०,००० रुपये. आयडीव्ही ६,००,००० असेल तर मर्यादा ४,५०,०००. गाडी मुकाट्याने दुरुस्तीला जाते. आयडीव्हीचा आकडा २,४०,००० असेल तर मर्यादा १,८०,०००, आणि खांब शाबूत असूनही गाडी कागदावर मेली. पाच वर्षांवरच्या गाडीचा हा आकडा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायचा असतो. नूतनीकरणाच्या दिवशी हप्त्यातले थोडे पैसे वाचावेत म्हणून तो खाली आणणारे कमी नाहीत. ठोकर बसायच्या कितीतरी महिने आधी गाडीचं भवितव्य ठरून गेलेलं असतं.

टोटल लॉस झाला की कागदपत्रं उरतात. कायमची निकामी झालेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या ५५व्या कलमानुसार १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायची. एमएच ४५ची असेल तर अकलूजला.

"मग हिचं काय?" मालक विचारतो.

मिस्त्री आता गाडीच्या मागच्या बाजूला गेलेला असतो. मागची दोन्ही दारं बिनओरखड्याची, डिकी एका बोटाने उघडते. कोपऱ्यात याच मॉडेलची, मागून ठोकलेली एक गाडी महिनाभर उभी आहे. तिला डिकी मिळत नाहीये.