झोरॅक कोण होणार?

आमचं गाव निपाणी, पण मे महिन्याची सुट्टी म्हणजे बेळगावला, शहापुरात मामाकडे. कारण सरळ होतं. आमच्या घरी नुसतं दूरदर्शन, मामाकडे केबल! कार्टून नेटवर्क १९९५ मध्ये भारतात आलं आणि त्यावर आम्हाला ‘स्पेस घोस्ट’ भेटला.

ही हॅना-बार्बेराची मालिका १९६६ सालची, म्हणजे आमच्या आईवडिलांच्या बालपणातली. पांढऱ्या पोशाखातला हिरो मनगटावरच्या पट्ट्यांमधून किरण सोडायचा, मनात आलं की अदृश्य व्हायचा. सोबत जॅन आणि जेस ही जुळी भावंडं आणि ब्लिप नावाचं माकड. पण खरं सांगू? आम्ही बसायचो ते खलनायकांसाठी.

मालिका इंग्रजीत, आम्हाला शब्द कळत नसत. मग नावंही आमचीच. टोळासारखा हिरवा झोरॅक पाहून आज्जी म्हणाली, “अरे, हा तर खंडोबाचा किडा!” मांजराच्या तोंडाचा अंतराळ-चाचा ब्रॅक म्हणजे आमचा बोका. धातूच्या चिलखतात उकळता लाव्हा भरलेला मोल्टार म्हणजे न्हाणीघरातला बंब. शेवटच्या भागांत झोरॅक, ब्रॅक, मोल्टार, मेटॅलस, क्रीचर किंग आणि स्पायडर वुमन असे सहाही जण हिरोविरुद्ध एक झाले, तेव्हा आम्ही जेवायचंही विसरलो होतो.

टीव्ही बंद झाला की गल्लीत तोच खेळ. बघायला खलनायक आवडायचे, पण व्हायचं कुणालाच नसायचं, कारण शेवटी मार खावा लागे. त्या वर्षी समोरच्या घरात धारवाडकडचं एक बिऱ्हाड बदली होऊन आलं होतं. त्यांचा मुलगा आमच्याच वयाचा. घरी कन्नड, मराठी मोडकंतोडकं. “झोरॅक कोण होणार?” असं कुणी विचारलं की सगळे त्याच्याकडे बघायचे. तोही हसत व्हायचा. कन्नडमध्ये आरोळी ठोकून असा काही धाडकन पडायचा की आम्ही पोट धरून हसायचो.

एक दिवस तो म्हणाला, “आज मी हिरो.” मी पटकन म्हणालो, “तू आमचा नाहीस, तूच झोरॅक.”

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी खेळायला आला नाही. त्या सुट्टीत पुन्हा आलाच नाही. पुढच्या मे महिन्यात त्यांच्या दाराला कुलूप होतं.

बीई करताना मला कळलं की १९९४ मध्ये कार्टून नेटवर्कने याच पात्रांना घेऊन ‘स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट’ नावाचा मुलाखतींचा कार्यक्रम काढला होता. जुन्या मालिकेतलीच चित्रं कापून पुन्हा वापरलेली, आम्ही जुना कोड वापरतो तशी. हिरो मुलाखती घेतो, झोरॅक वाद्यवृंद सांभाळतो, मोल्टार दिग्दर्शन करतो. कालचे वैरी एका ऑफिसात! दिवसभर कुरकुरतात, एकमेकांना टोमणे मारतात, पण कार्यक्रम एकत्रच करतात. हसता हसता मला तो मुलगा आठवला आणि हसू थांबलं.

आपल्या भागात मोठ्यांच्या गप्पा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेवर येतातच. १ नोव्हेंबरला एका घरी राज्योत्सव, शेजारी काळा दिवस. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा केला. आपली मराठी जपायचीच, त्यात दुमत नाही. पण नऊ वर्षांच्या मला ‘आमचा’ आणि ‘तुमचा’ कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं. ते ओसरीवर ऐकून ऐकून अंगात आलं होतं.

सध्या मी बंगळुरूत नोकरी करतो. आता इथे माझी मुलगी मोडकंतोडकं कन्नड बोलते. मागच्या महिन्यात ती खालून रुसून आली, “मलाच रोज राक्षस करतात!” क्षणभर मला काही बोलायलाच सुचेना. मग तिच्याबरोबर खाली गेलो आणि सगळ्या पोरांना एक नियम घालून दिला: राक्षस पाळीपाळीने. पहिली पाळी माझी.

मुलांनी मला धो धो मारलं. मीही एक आरोळी ठोकून धाडकन पडलो. कन्नडमध्ये.