रेषेचें गणित आणि भाड्याची लेखणी

भाद्रपदांतील विसर्जन होऊन कांहीं दिवस लोटतात न लोटतात, तोंच पेणच्या मूर्तिशाळांत पुढील वर्षाचीं कामें सुरू होतात. येथील गणेशमूर्ति मुंबई-पुण्यास जाते, तशीच समुद्रापलीकडील मराठी घरांतूनही पूजिली जाते. परंतु मूर्तीच्या मागोमाग आणखी एक धंदा चालतो, त्याकडे फारसें कोणाचें लक्ष नसतें. मूर्तीच्या खोक्यावरील चिठ्ठी, नमुन्यांची पुस्तिका, दुकानाची पाटी, पेणच्या पोह्या-पापडांचें वेष्टन, आणि तिकडे रोह्यास धाटावच्या रासायनिक कारखान्यांतील पिंपांवरील धोक्याच्या खुणा, हीं सर्व कामें आज संगणकावर होतात. पुष्कळ तरुण या विद्येकडे वळतात, आणि पहिल्याच पायरीवर त्यांस दोन प्रश्न अडवितात : शिकावयाचें कसें, आणि त्यासाठीं लागणारें सॉफ्टवेअर विकत घ्यावयाचें कीं भाड्यानें?

संगणकावरील चित्रें दोन जातींचीं असतात. छायाचित्र ही पहिली जात. त्यांत रंगीत कणांची दाटी असते. तें दहापट मोठें केलें कीं कणही दहापट मोठे होतात, आणि गणपतीच्या डोळ्यांच्या जागीं चौकोनी ठिकऱ्या दिसूं लागतात. दुसरी जात व्हेक्टर चित्रांची. एका गृहिणीस दुसरीला ठिपक्यांची रांगोळी सांगावयाची असली तर ती अंगणांतील रांगोळी उचलून देत नाहीं. इतके ठिपके, इतक्या ओळी, हा ठिपका त्यास असा जोडावा, एवढेंच सांगते. मग ठिपक्यांमधील अंतर बोटभर ठेवा कीं वीतभर, आकृति तीच येते. व्हेक्टर चित्र अशा सांगण्याच्याच रूपांत साठविलेलें असतें. म्हणून एकच चिन्ह पापडाच्या पाकिटावर अंगठ्याएवढें आणि मंडपाच्या कमानीवर वीस फुटांचें, दोन्हीकडे सारख्याच रेखीव कडांनीं उमटतें.

ठिपके सरळ रेषेनें जोडणें सोपें. वांकडी रेषा गणितांत बसविणें अवघड. ती युक्ति चित्रकारांनीं नव्हे, मोटारी बनविणाऱ्यांनीं काढली. फ्रान्समधील सित्रोएं कारखान्यांत पॉल द कास्तेल्झो यांनीं १९५९ च्या सुमारास, आणि रेनो कारखान्यांत पिएर बेझिए यांनीं त्यानंतर स्वतंत्रपणें, मोटारीच्या पत्र्याचे बांक आंकड्यांत मांडले. कास्तेल्झो यांचें काम कारखान्यानें गुप्त ठेविलें, बेझिए यांचें प्रसिद्ध झालें; अर्थात् रेषेस नांव बेझिए यांचें लागलें. या रेषेचीं दोन टोकें असतात, आणि ती कोणत्या बाजूस किती ओढली जावी हें ठरविणारे आणखी दोन बिंदु तिच्या बाहेर असतात. अडोबी कंपनीचें इलस्ट्रेटर १९८७ सालीं आलें, कॅनडांतील कोरल कंपनीचें कोरलड्रॉ १९८९ सालीं. दोहोंचा पाया हीच रेषा.

शिकणाऱ्याची खरी परीक्षाही तीच घेते. सोंड काढावयास बसलेला नवशिका कडेकडेनें तीस-चाळीस बिंदु टोंचीत जातो, आणि सोंड दोरखंडासारखी खडबडीत होते. जाणता हात जेथें वळणाची दिशा बदलते तेवढ्याच जागीं बिंदु ठेवतो. पांच-सहा बिंदूंत सोंड पुरी होते आणि मऊ दिसते. हें पुस्तक वाचून येत नाहीं. कागदावर काढलेलें चित्र पडद्यावर खालीं ठेवून त्यावरून रोज तासभर रेषा ओढाव्या लागतात. घरांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारें माणूस असेल तर त्यास ही विद्या लवकर साधते, कारण वळण कोठें सुरू होतें तें त्याच्या हातास आधींच ठाऊक असतें. एका सॉफ्टवेअरांत हें साधलें कीं दुसऱ्यांत जाण्यास फार वेळ लागत नाहीं. बटनांच्या जागा बदलतात, रेषा बदलत नाहीं.

आतां पैशाचा प्रश्न. पूर्वीं इलस्ट्रेटर एकदां किंमत देऊन घेतां येत असे. २०१३ सालीं अडोबीनें जाहीर केलें कीं यापुढील आवृत्त्या केवळ वर्गणीनें मिळतील. समजा, वर्गणी दरमहा २,००० रुपये आहे, आणि एकरकमी मिळणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरची किंमत ४०,००० रुपये आहे. वीस महिन्यांत वर्गणीदार तेवढी रक्कम भरून चुकतो, आणि हातीं मालकी कांहींच नसते. मुंबईच्या जाहिरात-कचेरींत बारमाही काम असणाऱ्यास हें परवडतें. पेणच्या खोक्यांचें काम तसें नाहीं. आषाढ-श्रावणांत रात्र पुरत नाहीं, आणि मार्गशीर्षांत चिठ्ठ्या कोणी मागत नाहीं. मग चार महिन्यांपुरतीच वर्गणी भरावी, असें वाटेल. पण सुटी मासिक वर्गणी निराळी आणि दरमहा हप्त्यानें फेडावयाची वार्षिक वर्गणी निराळी. दुसरी स्वस्त दिसते, मात्र मध्येंच सोडली तर दंड पडतो. हा दंड ग्राहकांपासून झांकून ठेवला, अशा आरोपावरून अमेरिकेंत फेडरल ट्रेड कमिशनच्या पुढाकारानें जून २०२४ मध्यें अडोबीविरुद्ध खटला दाखल झाला.

एकरकमी खरेदीही निर्धास्त नव्हे. कोरलड्रॉ दोन्ही रीतींनीं मिळत आलें आहे, परंतु एकरकमी घेणाऱ्याची आवृत्ति आहे तेथेंच राहते, आणि केव्हां तरी नव्या संगणकावर चालेनाशी होते. ब्रिटनच्या सेरिफ कंपनीचें अफिनिटी डिझाइनर २०१४ पासून वर्गणी नाहीं म्हणूनच लोकप्रिय झालें; २०२४ सालीं ती कंपनी ऑस्ट्रेलियाच्या कॅनव्हानें घेतली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें अफिनिटी विनामूल्य करून कृत्रिम बुद्धीच्या कांहीं सोयींपुरती वर्गणी ठेविली. असें दान दात्याच्या मर्जीवर असतें. इंकस्केपची गोष्ट निराळी. २००३ पासून स्वयंसेवकांनीं चालविलेलें हें सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखालीं आहे; उद्यां कोणी मालक तें परत घेऊं शकत नाहीं. त्याची मूळ घडण मात्र पडद्याच्या रंगांवर आहे, छापखान्याच्या चार शाईंवर नव्हे. म्हणून शेंदरी रंग छापून पाहिल्यावांचून काम पुरें समजूं नये.

चोरीच्या प्रतीची वाट अनेकांस सोपी वाटते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमान्वयें अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड सांगितला आहे. पेण-रोह्याच्या नवशिक्यानें पहिलें वर्ष इंकस्केपवर हात बसवावा, आणि ज्या छापखान्याशीं काम पडणार तो कोणती फाइल मागतो हें विचारून मगच पैसे खर्चावे, हें बरें. लहान गांवांतून कोरलड्रॉचा प्रघात मोठा आहे.

एक काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावयाची. जवळजवळ प्रत्येक कंपनीचें सॉफ्टवेअर आपली फाइल आपल्याच भाषेंत लिहितें. वर्गणी थांबली कीं वर्षांचें काम कुलुपांत पडतें. मूर्तिकारास जसा साचा, तसें हें मूळ चित्र. म्हणून प्रत्येक पुऱ्या कामाची एक प्रत पीडीएफमध्यें आणि एक एसव्हीजी या खुल्या रूपांत काढून ठेवावी. छापखान्यास फाइल पाठवितांना अक्षरांच्या रेषा करून पाठविण्याची चाल आहे, तीही योग्यच. वेलांटी इकडची तिकडे होत नाहीं. परंतु त्यापूर्वींची, अक्षरें अक्षरेंच राहिलेली प्रत निराळी जपावी. पुढील वर्षीं चतुर्थीची तारीख बदललेली असते, आणि रेषा झालेला आंकडा खोडून त्या जागीं नुसता दुसरा टंकितां येत नाहीं.