लुप्त शब्द आणि जमिनीचे जुने कागद

भाषेतील काही शब्द बोलण्यातून मागे पडतात, परंतु ऐकल्यावर समजतात. त्यांना जुनाट शब्द म्हणता येईल. काहींचा अर्थही विस्मृतीत जातो. ते लुप्त शब्द होत. इंग्रजीच्या ऑक्सफर्ड शब्दकोशात लुप्त शब्दामागे कट्यारीचे चिन्ह छापण्याचा प्रघात आहे. आपल्या जमिनीच्या जुन्या कागदांवर अशी खूण नसते. म्हणून ते वाचताना दक्षता बाळगणे अगत्याचे ठरते.

बेळगाव तालुक्यातील बेळगुंदीचेच उदाहरण घेऊ. हा प्रदेश १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्याने येथील जुनी मोजणी व आकारणी मुंबईच्या पद्धतीची होती. त्या काळच्या एखाद्या मराठी दस्तात ‘आठ आणे’ असे शब्द आढळल्यास त्यांचा अर्थ कोणता समजावा?

आणा हे नाणे होते. १६ आण्यांचा एक रुपया व १२ पैंचा एक आणा होत असे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि आणे-पै हळूहळू व्यवहारातून गेले. तथापि आणा हे क्षेत्राचेही माप होते. ४० गुंठ्यांचा एक एकर आणि १६ आण्यांचा एक गुंठा, असा हिशेब असे. शिवाय संपूर्ण मालकी सोळा आणे धरून हिस्साही आण्यांत सांगत.

या भेदाचे महत्त्व व्यवहारात मोठे आहे. दोन एकरांच्या शेतात आठ आणे हिस्सा म्हणजे एक एकर. परंतु आठ आणे क्षेत्र म्हणजे केवळ अर्धा गुंठा. हे अंतर ऐंशी पटींचे होय!

अर्थाची खूण शेजारच्या शब्दांत सापडते. एकर व गुंठे यांपुढे आणे आले तर ते क्षेत्र होय. ‘तक्षीम’, म्हणजे हिस्सा, या शब्दाबरोबर आले तर ती वाटणी होय. ‘आकार’ या सदराखाली आले तर तो शेतसारा होय. येथे ‘आकार’ म्हणजे आकृती नव्हे, हेही ध्यानी ठेवावे.

यास्तव जुना दस्त वाचताना प्रथम त्याची तारीख पाहावी, नंतर सदर पाहावे आणि शेवटी शब्दाचा अर्थ लावावा. मोलस्वर्थ यांचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश अशा कामी उपयुक्त आहे. दस्त मोडीत असल्यास जाणकाराकडून त्याचे लिप्यंतर करून घ्यावे. शब्द लुप्त झाला तरी त्याने नोंदविलेला हक्क लुप्त होत नाही. म्हणून असे कागद निरुपयोगी समजून टाकून देऊ नयेत.