हळद, चुना आणि रसायनवर्ष

संयुक्त राष्ट्रसंघाने २०११ हे साल आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र वर्ष म्हणून जाहीर केले; त्या साली मारी क्यूरी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाल्याला शंभर वर्षे पूर्ण होत होती. परंतु त्या उत्सवातील मला सर्वाधिक मोलाचा वाटणारा भाग म्हणजे, देशोदेशीच्या शाळकरी मुलांनी आपापल्या परिसरातील पाणी भरून आणावे, दर्शक द्रव्याच्या रंगावरून त्याची आम्लता ठरवावी आणि ती सामाईक दप्तरी दाखल करावी, हा उपक्रम होय.

असे एक दर्शक द्रव्य आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्पिढ्या नांदत आले आहे. हळदीतील कर्क्युमिन आम्लात पिवळेच राहते, आणि चुन्यासारख्या अल्कलीच्या सान्निध्यात त्याच्या रेणूतील प्रोटॉन निघून गेल्यामुळे तो रेणू प्रकाशाच्या निराळ्या लहरी शोषून तांबडा दिसू लागतो. हळद-चुन्याच्या पारंपरिक कुंकवाचा वर्ण हा याच विक्रियेचा प्रसाद. हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो आणि लिंबू पिळताच पुनश्च पिवळा, तोही याच कारणाने. पळीभर चुन्याची निवळी, चिमूटभर हळद आणि लिंबाची फोड एवढ्या सामग्रीवर, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली व चुना डोळ्यांपासून दूर राखून, कोणत्याही गावच्या शाळेस असा रसायनोत्सव साजरा करता येईल.