तापलेले लोखंड आणि डायची कातडी

लोहाराच्या शाळेपुढे लहानपणी उभे राहिले नाही असे आपल्यांत फारच थोडे असतील. लाल झालेला फाळ ऐरणीवर येई, घण पडे, आणि आपले सारे लक्ष त्या फाळाकडे असे. ऐरणीकडे कोणी पाहत नसे. आज आम्ही आपले लक्ष जरा त्या ऐरणीकडेच वळवणार आहोत.

१९६१ साली पुण्यात भारत फोर्जची स्थापना झाली. मोटारींचे क्रँकशाफ्ट घडवणे हे आता आपल्या गावाला परके राहिलेले नाही. या घडाईत ऐरणीची जागा डाय घेतो. पोलादाच्या दोन ठोकळ्यांत वस्तूचा आकार कोरलेला असतो, आणि सुमारे १२०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवलेले पोलाद त्यांच्यामध्ये दाबले जाते. डाय स्वतः दोनएकशे अंशांवर असतो. क्षणभर त्याच्या पृष्ठभागाला विलक्षण चटका बसतो. लगेच पाण्यात कालवलेल्या ग्राफाइटचा फवारा पडतो आणि तो पुन्हा थंड होतो. पाळीत असे किती वेळा घडते ते आपणच मनाशी मोजा.

यातून डायवर तीन संकटे येतात. तापलेल्या पोलादावरची खपली वाळूच्या कागदासारखी त्याला घासते. तापणे-निवणे यांनी पृष्ठभागावर भेगांचे जाळे पडते, उन्हाळ्यात तळ्याचा गाळ भेगाळतो तसे. आणि तिसरे म्हणजे पृष्ठभाग मऊ पडून कडा खचतात. डायच्या पोलादाला पाणी दिल्यानंतर साधारण ५५० ते ६०० अंशांवर पुन्हा तापवून चिवटपणा आणलेला असतो. काम करताना पृष्ठभाग त्याच्यावर गेला की कमावलेली कठिणता उतरू लागते. डाय झिजला की माल मापाबाहेर जातो, घण थांबवावा लागतो आणि आकार पुन्हा कोरावा लागतो.

मग सबंध डायच खूप कठीण का करू नये? कारण तो पहिल्या काही घावांतच फुटेल. आत चिवट आणि बाहेर कठीण, अशी दुहेरी प्रकृती त्याला हवी. अमेरिकेत ॲडॉल्फ मॅक्लेट आणि पुढे १९२० नंतर जर्मनीत एसेनच्या क्रुप कारखान्यात ॲडॉल्फ फ्राय यांनी तिची वाट दाखवली. पोलाद अमोनिया वायूत ५०० ते ५५० अंशांवर बरेच तास ठेवले की नायट्रोजन त्यात मुरतो आणि क्रोमियम, व्हॅनेडियम यांच्याशी संयोग पावून अतिशय कठीण कण तयार करतो. आतल्या पोलादाची कठिणता व्हिकर्स मापाने ५०० च्या आसपास असेल, तर या कातडीची १००० च्या वर जाते. कातडीची जाडी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकीच! नंतर पाण्यात बुडवावे लागत नाही, म्हणून डाय फारसा वाकत नाही. शिवाय ही कातडी दाबाखाली असल्यामुळे भेगांना सहजासहजी तोंड फुटत नाही.

येथे आमची एक फजिती सांगितली पाहिजे. एका कारखान्यात (नाव सांगण्याचे कारण नाही) थोड्या तासांनी गुण आला, तर जास्त तासांनी अधिक येईल असा सल्ला दिला गेला. सल्ला आमचाच होता. डाय चढवला आणि थोड्याच वेळात आतल्या बारीक धारांचे टवके उडाले. धारेला दोन्ही बाजूंनी नायट्रोजन भिडतो, तो आरपार मुरतो, आणि चिवट गाभा म्हणून काही उरतच नाही. त्यातून पृष्ठभागावर पांढरा ठिसूळ थर जाड बसला, तर तोही सुटतो आणि सुटलेला कण स्वतःच घासायला लागतो. निर्वात भांड्यात शेकडो व्होल्टच्या विजेने जांभळी प्रभा उमटवून नायट्रोजन मुरवण्याच्या रीतीत हा थर बराच आवरता येतो.

अलीकडे या कातडीवर टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडचा, मिलिमीटरच्या काही सहस्रांशांचा, लेप चढवतात. नुसत्या टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेप ५००-६०० अंशांच्या पुढे गंजू लागतो. ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे कवच त्याला आणखी शे-दोनशे अंश टिकवते. मात्र मऊ पोलादावर असा लेप देणे व्यर्थ. चिखलावर वाळलेली पापडी पायाखाली मोडते, तशी त्याची गत होते. खाली नायट्रोजनने भक्कम केलेली कातडी हवीच.

कडा खचत असतील, तर मात्र या पातळ थरांवर भिस्त ठेवू नये. तेथे कोबाल्टचा मिश्रधातू वितळजोडाने जाड बसवावा; एल्वुड हेन्स यांनी १९०७ साली ज्याचे पेटंट घेतले, तो स्टेलाइट त्याच घराण्यातला. लाल तापला तरी तो आपली कठिणता बरीच धरून ठेवतो.

म्हणून झिजलेला डाय हाती आला की आम्ही आता भट्टीचे वेळापत्रक विचारत नाही. आधी तो धुऊन उजेडात धरतो, आणि ओरखडे आहेत, भेगा आहेत, की कड बसली आहे, ते बोटाने चाचपून पाहतो.