धावपटूंचा व्यावसायिक संघ : उभारणी आणि व्यवहार

क्रिकेट किंवा फुटबॉल यांसारख्या खेळांत प्रेक्षक तिकीट काढून मैदानात येतात आणि त्या उत्पन्नाचा काही भाग संघाच्या खर्चाला उपयोगी पडतो. लांब पल्ल्याच्या धावण्याची गोष्ट निराळी आहे. ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतराची मॅरेथॉन शर्यत सार्वजनिक रस्त्यावरून जाते. रस्त्याच्या दुतर्फा लाखो लोक उभे राहिले, तरी त्यांच्याकडून धावपटूला टाळ्यांखेरीज काही मिळत नाही. शिवाय या खेळातील उमेदवारी दीर्घ असते. महाविद्यालयीन शिक्षण साधारणतः बाविसाव्या वर्षाच्या सुमारास संपते. मॅरेथॉनमधील उत्तम कामगिरी मात्र बहुधा पंचविशी ते पस्तिशी या काळात घडते. मधल्या वर्षांत उदरनिर्वाह कसा करावा, सरावाला वेळ कोठून काढावा आणि दुखापत झाल्यास उपचारांचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नांची उत्तरे न मिळाल्यामुळे अनेक गुणी धावपटू ऐन उमेदीत खेळ सोडून देतात. ही मधली वर्षे निभावून नेणारी व्यवस्था म्हणजे व्यावसायिक धावपटूंचा संघ होय. असा संघ कसा उभा राहतो आणि कशाच्या आधारे टिकतो, हे अमेरिका, जपान व केनिया येथील काही उदाहरणांवरून पाहणे उद्बोधक ठरेल.

हौशीपणाचे बंधन

मैदानी खेळांत हौशीपणाचा दंडक दीर्घकाळ पाळला जात असे. धावपटूने बक्षिसाची रक्कम उघडपणे स्वीकारली, तर ऑलिंपिकचे दार त्याला बंद होई. अमेरिकेतील नायकी या बूट बनविणाऱ्या कंपनीने १९७७ साली ऑरेगन राज्यातील युजीन येथे ‘ॲथलेटिक्स वेस्ट’ हा संघ स्थापन केला आणि महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या धावपटूंसाठी निर्वाह, प्रशिक्षण व वैद्यकीय मदत यांची सोय केली. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणाऱ्या जोन बेनॉइट या याच संघाच्या होत्या. दरम्यान १९८१ साली पोर्टलंड येथील एका शर्यतीत धावपटूंनी उघडपणे बक्षिसाची रक्कम स्वीकारली आणि १९८२ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने विश्वस्त निधीच्या मार्गाने अशा उत्पन्नास मान्यता दिली.

बंधन सैल झाले, तरी पैसा प्रामुख्याने नामवंतांच्या वाट्याला आला. दुसऱ्या फळीतील होतकरू धावपटू एकाकीच राहिला. २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये अमेरिकेसारख्या मोठ्या देशाकडून एक पुरुष आणि एक महिला एवढेच धावपटू उतरू शकले. या अवनतीची कारणे अनेक होती. परंतु पदवीनंतर एकत्र सराव करण्याची सोय नसणे हे त्यांपैकी एक प्रमुख कारण असल्याचे अनेक प्रशिक्षकांचे मत पडले. त्यानुसार २००१ साली ज्यो व्हिजिल व बॉब लार्सन या प्रशिक्षकांनी कॅलिफोर्नियातील मॅमथ लेक्स येथे सुमारे २,४०० मीटर उंचीवर सराव-संघ उभारला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यातील मेब केफ्लेझिघी यांनी मॅरेथॉनमध्ये रौप्यपदक व डीना कॅस्टर यांनी कांस्यपदक मिळविले.

दुकानाच्या आधाराने उभा राहिलेला संघ

याच सुमारास मिशिगन राज्यात एक निराळा प्रयोग चालू होता. कीथ व केव्हिन हॅन्सन या बंधूंची डेट्रॉइट शहराच्या परिसरात धावण्याच्या बुटांची दुकाने होती. १९९९ साली त्यांनी स्वतःच्या व्यवसायाच्या आधारावर संघ सुरू केला. धावपटूंना राहण्यासाठी सामाईक घरे देण्यात आली. सकाळी एकत्र सराव आणि उरलेल्या वेळात दुकानात अर्धवेळ नोकरी, असा दिनक्रम ठरला. पुढे ब्रूक्स ही बुटांची कंपनी प्रायोजक म्हणून पुढे आली.

या योजनेत व्यवहाराचे धोरण सरळ होते. दुकानात बूट घेण्यासाठी येणाऱ्या सामान्य ग्राहकाला प्रत्यक्ष मॅरेथॉनपटूचा सल्ला मिळे. त्यामुळे दुकानाची प्रतिष्ठा वाढे आणि दुकानाच्या उत्पन्नातून संघाला आधार मिळे. महाविद्यालयात फारसे नाव न झालेले धावपटू या संघाने मुद्दाम घेतले. त्यांपैकी ब्रायन सेल यांनी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या मॅरेथॉन संघात स्थान मिळविले. डेझिरी लिंडेन २००५ साली संघात आल्या. २०११ साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये अवघ्या दोन सेकंदांनी त्यांचे विजेतेपद हुकले आणि २०१८ साली त्यांनी तीच शर्यत जिंकली. पहिल्या दिवसापासून बक्षिसे मिळविण्याची सक्ती असती, तर असा धावपटू तयार होण्याइतका अवधी मिळाला नसता.

जमेची व खर्चाची बाजू

धावपटूंच्या संघाचे उत्पन्न मुख्यतः चार मार्गांनी येते : प्रायोजकाकडून ठराविक मुदतीच्या करारान्वये मिळणारी रक्कम, शर्यतीतील बक्षिसे, नामवंत धावपटूंना भाग घेण्याबद्दल आयोजकांकडून मिळणारे मानधन आणि विशिष्ट वेळ नोंदविल्याबद्दलचा बोनस. यांपैकी शेवटचे तीन मार्ग बेभरवशाचे होत. मॅरेथॉनपटू वर्षाकाठी दोन किंवा तीनच मॅरेथॉन शर्यती पूर्ण ताकदीने धावू शकतो. त्यातील एक दुखापतीमुळे हुकली, तर वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा बुडतो. बक्षिसांची रक्कमही पहिल्या काही क्रमांकांपुरतीच असते आणि तीतून व्यवस्थापकाचे कमिशन द्यावे लागते.

खर्च मात्र ठरलेला असतो. प्रशिक्षकाचे वेतन, राहण्याची व्यवस्था, प्रवास, उंचीवरील शिबिरे, मालीश व भौतिकोपचार, रक्ततपासणी आणि सरावात गती राखण्यासाठी लागणारे सहकारी धावपटू ही त्यातील प्रमुख कलमे होत. अमेरिकेत बहुतेक धावपटू कंपनीचे नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार असतात. त्यामुळे विमा व कर यांचा भार त्यांच्यावरच पडतो. येणे अनिश्चित आणि देणे निश्चित, ही या व्यवसायाची मूळ अडचण आहे.

फ्लॅगस्टाफचे उदाहरण

ही अडचण जाणून संघ वाढविण्याचा पद्धतशीर प्रयत्न ॲरिझोना राज्यातील फ्लॅगस्टाफ येथे झाला. हे शहर सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे. अशा उंचीवर प्राणवायूचे प्रमाण विरळ असल्याने शरीरात तांबड्या पेशी वाढतात आणि सखल प्रदेशातील शर्यतीत त्याचा लाभ होतो. बेन रोजारिओ हे स्वतः हॅन्सन बंधूंच्या संघातून धावलेले. पुढे त्यांनी सेंट लुइस शहरात भागीदारीत धावण्याच्या साहित्याचे दुकान चालविले. खेळ आणि दुकानदारी या दोहोंचा अनुभव गाठीशी घेऊन त्यांनी २०१४ साली आपल्या पत्नीसह ‘नॉर्दर्न ॲरिझोना एलिट’ हा संघ स्थापन केला. पुढील वर्षी होका ही बुटांची कंपनी मुख्य प्रायोजक झाली.

संघाने आपला सराव गुप्त न ठेवता लोकांसमोर मांडला. धावपटूंचे रोजचे सराव, त्यांतील यश आणि फसलेले प्रयत्न यांची माहिती प्रसिद्ध करण्यात येऊ लागली. स्कॉट फॉबल या धावपटूच्या न्यूयॉर्क मॅरेथॉनच्या तयारीवर त्यांनी व रोजारिओ यांनी मिळून पुस्तक लिहिले. सकाळी नोकरीला जाण्यापूर्वी धावणारा सामान्य माणूस या संघाला आपला मानू लागला आणि प्रायोजकाच्या दृष्टीने हाच वर्ग बुटांचा ग्राहक होता. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे शर्यती बंद पडल्या, तेव्हा रोजारिओ यांनी इतरांच्या सहकार्याने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ॲरिझोनातील चँडलर येथे निवडक धावपटूंची मॅरेथॉन भरविली आणि अनेकांचे वर्ष वाया जाऊ दिले नाही.

सामूहिक सरावाचे फळही मिळाले. २९ फेब्रुवारी २०२० रोजी अटलांटा येथे झालेल्या अमेरिकन ऑलिंपिक निवड-मॅरेथॉनमध्ये या संघाच्या अलिफीन टुलियामुक पहिल्या आल्या आणि त्यांच्याच दोन सहकारी, स्टेफनी ब्रूस व केलिन टेलर, अनुक्रमे सहाव्या व आठव्या आल्या.

जपानमधील कंपन्यांचे संघ

जपानने हा प्रश्न नोकरीच्या मार्गाने सोडविला. तेथे मोठ्या उद्योगांचे स्वतःचे संघ असतात. धावपटू कंपनीचा कर्मचारी म्हणून वेतन घेतो, काही वेळ कार्यालयीन काम करतो आणि उरलेला वेळ सरावाला देतो. धावणे थांबल्यावरही पुष्कळांची नोकरी चालू राहते. दरवर्षी १ जानेवारीस गुन्मा प्रांतात कंपन्यांच्या संघांची सुमारे १०० किलोमीटर अंतराची, सात टप्प्यांची ‘एकिदेन’ ही सांघिक शर्यत होते. एका धावपटूने दुसऱ्याच्या हाती ‘तासुकी’ नावाचा पट्टा द्यावयाचा असतो. दूरचित्रवाणीवरून ही शर्यत देशभर पाहिली जाते आणि कंपनीचे नाव घरोघरी पोचते. १९९१ चे जागतिक मॅरेथॉन विजेते हिरोमी तानिगुची व १९९२ च्या ऑलिंपिकमधील रौप्यपदकविजेते कोइची मोरिशिता हे दोघेही नोबेओका येथील आसाही कासेई या रासायनिक उद्योगाचे धावपटू होते.

केनियातील शिबिर, नेदरलँड्समधील प्रायोजक

तिसरा मार्ग व्यवस्थापन संस्थेचा आहे. नेदरलँड्सचे योस हर्मेन्स यांनी १९७०च्या दशकात एका तासात सर्वाधिक अंतर धावण्याचा विश्वविक्रम केला होता. पुढे ते धावपटूंचे व्यवस्थापक झाले. सायकल शर्यतींतील संघांच्या धर्तीवर त्यांच्या संस्थेने २०१७ साली एनएन या डच विमा कंपनीच्या पाठबळावर आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. एलिउड किपचोगे व केनेनिसा बेकेले हे त्याचे आघाडीचे धावपटू होते. किपचोगे यांचा सराव केनियातील काप्तागात येथे पॅट्रिक सांग यांच्या मार्गदर्शनाखाली झाला. सांग हे स्वतः १९९२ च्या ऑलिंपिकमधील स्टीपलचेस शर्यतीचे रौप्यपदकविजेते होत. तेथील शिबिरात विश्वविजेतेही आळीपाळीने झाडलोट करीत. किपचोगे यांनी २०१८ व २०२२ साली बर्लिन येथे विश्वविक्रम केले. प्रायोजक श्रीमंत असला, तरी शिबिर साधेच राहिले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

धोक्याच्या जागा

या व्यवसायात नुकसानीचे प्रसंगही घडले आहेत. नायकीचा ‘ऑरेगन प्रोजेक्ट’ हा २००१ साली सुरू झालेला साधनसंपन्न संघ, मुख्य प्रशिक्षकावर उत्तेजक द्रव्यविषयक नियमभंगाबद्दल चार वर्षांची बंदी येताच, ऑक्टोबर २०१९ मध्ये बंद करण्यात आला. एस अँड बी या जपानी खाद्य कंपनीने आपला संघ बंद करण्याचे ठरविले, तेव्हा २०१३ साली तो दुसऱ्या कंपनीने स्वीकारला म्हणून धावपटूंची सोय झाली. गरोदरपणात व बाळंतपणानंतर करारातील रक्कम कमी केली जाते, अशी तक्रार २०१९ साली काही ख्यातनाम अमेरिकन महिला धावपटूंनी जाहीरपणे मांडली. त्यानंतर काही कंपन्यांना आपले करार बदलावे लागले. कागदावरील अटी स्पष्ट नसतील, तर सर्वाधिक हानी धावपटूची होते, असाच या घटनांचा अर्थ आहे.

या सर्व अनुभवांतून संघ-उभारणीची काही सूत्रे निष्पन्न होतात :

(१) प्रारंभी धावपटू थोडे असावेत; परंतु राहणे, सराव व प्रशिक्षक यांची एकत्र व्यवस्था असावी.

(२) उत्पन्न एकाच प्रायोजकावर विसंबून नसावे. दुकान, नोकरी किंवा शर्यतीचे आयोजन असा दुसरा आधार असावा.

(३) करारात दुखापत, मातृत्व आणि संघ बंद पडणे या प्रसंगांची तरतूद आधीच लिहिलेली असावी.

(४) निकालासाठी किमान काही वर्षांचा अवधी द्यावा.

(५) उत्तेजक द्रव्यांबाबत कोणतीही सवलत नसावी. एका धावपटूच्या अपराधाने सर्वांची उपजीविका धोक्यात येते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

महाराष्ट्रातील अनुभव जपानच्या पद्धतीशी जुळणारा आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचे अविनाश साबळे हे सेनादलात दाखल झाले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळविले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. सातारा जिल्ह्यातील माण या अवर्षणप्रवण तालुक्याच्या मोही गावच्या ललिता बाबर यांना रेल्वेच्या नोकरीचा आधार मिळाला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. सेनादल व रेल्वे यांनी त्यांची मधली वर्षे सांभाळली.

परंतु अशा नोकऱ्यांची संख्या मर्यादित असते आणि त्या बहुधा धावपटूने आधी काही करून दाखविल्यावर मिळतात. दुसरीकडे, १९८३ पासूनची पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन, २००४ पासूनची मुंबई मॅरेथॉन आणि साताऱ्याच्या डोंगररस्त्यावरील शर्यत यांमुळे शुल्क भरून धावणारा मोठा नागरी वर्ग राज्यात तयार झाला आहे. मिशिगन व फ्लॅगस्टाफ येथील संघ अशाच वर्गाच्या आधारावर उभे राहिले. धावण्याच्या साहित्याचा विक्रेता, शर्यतीचे आयोजक, स्थानिक उद्योग किंवा सहकारी संस्था यांनी एकत्र येऊन पाच-सहा धावपटूंच्या निवासाची, अर्धवेळ कामाची आणि प्रशिक्षकाची जबाबदारी घेतली, तरी प्रारंभ होऊ शकेल. शाळेच्या मैदानावर धावणाऱ्या गुणी मुलामुलींना प्रथम ओळखणारे शिक्षक असतात आणि त्यांच्या घरची परिस्थिती ग्रामपंचायतीच्या सदस्यांना ठाऊक असते. धावण्याकरिता रानावनातला रस्ता पुरतो. शिक्षण संपल्यानंतरची सहा-सात वर्षे मात्र कोणीतरी हिशेबाने सांभाळावी लागतात. त्या हिशेबाची तयारी जेथे होईल, तेथे पुढील मॅरेथॉनपटू घडण्यास अनुकूल परिस्थिती निर्माण होईल.