पिकअपचं ॲव्हरेज घरच्या घरी कसं वाढवाल?

डिलिव्हरीच्या धंद्यात बराचसा नफा डिझेलमध्येच जातो. म्हणून आधी मोजा. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल करा. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, हे तुमचं खरं ॲव्हरेज.

आता घरी करण्यासारखे बदल. लागत नसेल तर टपावरचं कॅरिअर काढा. ताडपत्री घट्ट बांधा, फडफडू देऊ नका. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. हौद्यातलं बिनकामाचं सामान उतरवा. टायर थंड असताना कंपनीने सांगितली तेवढीच हवा भरा. एका वेळी एकच बदल करा आणि परत मोजा.

हिशोब बघा: महिन्याला २,६०० किलोमीटर, डिझेल ९० रुपये लिटर धरा. ॲव्हरेज १२ वरून १३ झालं, तर महिन्याला जवळपास १,५०० रुपये वाचतात. तेही फुकटात!

इंजिन किंवा बॉडीत मात्र स्वतः फेरफार करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या मूळ नोंदींशी न जुळणारे बदल चालत नाहीत. उद्या अपघात झाला आणि विम्याचा क्लेम अडकला, तर वाचवलेलं सगळं एका झटक्यात जाईल.